अतिथिताऱ्याची तिथी

ज्योतिर्विज्ञानाची साधने म्हटली की दुर्बीण, वर्णपटदर्शक, रेडिओ-आकाशक आणि कृत्रिम उपग्रह ही नावे सहज पुढे येतात. एखाद्या जुन्या राजदरबारी नोंदवहीतील वाक्य हेही तितक्याच काटेकोरपणे वापरता येण्याजोगे साधन ठरू शकते, याची जाणीव भाषा व ग्रंथ यांच्या अभ्यासकांनाही पुष्कळदा नसते. वृषभ राशीतील 'खेकडा' नावाची अभ्रिका आणि तिच्या पोटातील स्पंदतारा यांचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. अतिउच्च ऊर्जेच्या खगोलीय घटनांविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, त्यातील बराच भाग या एका वस्तूच्या अभ्यासातून हाती आला. त्या अभ्यासाचा एक आधारस्तंभ म्हणजे चिनी भाषेतील काही मोजके शब्द होत. ते शब्द कोणते, त्यांचा पाठ कितपत विश्वसनीय आहे, आणि त्यांतून निघणाऱ्या तिथीवाचून पदार्थविज्ञानाचे काय अडले असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. संज्ञांविषयी थोडे

चीनच्या राजज्योतिषांनी आकाशात अवचित दिसणाऱ्या व काही काळाने लोपणाऱ्या ताऱ्यास 'ख-शिंग' असे नाव दिले होते. 'ख' म्हणजे पाहुणा, 'शिंग' म्हणजे तारा. 'अतिथितारा' हा त्याचा मराठीतील सरळ पर्याय होय. 'ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी' ही परंपरागत व्युत्पत्ती सर्वपरिचित आहे. आधुनिक भाषाशास्त्र ती ग्राह्य मानीत नाही व हा शब्द 'अत्' म्हणजे 'जाणे' या धातूकडे नेते. येथे मात्र त्या जुन्या व्युत्पत्तीच्या नेमके उलट घडले. हा पाहुणा न सांगता आला खरा, परंतु तो ज्या दिवशी आला ती तिथी लिहून ठेवली गेली, आणि त्याचे सर्व महत्त्व त्या तिथीतच आहे.

आधुनिक संज्ञाही निर्दोष नाहीत. 'अतिदीप्त नवतारा' हे नाव ज्या घटनेस दिले जाते, तीत नवा तारा जन्मास येत नसून जुना तारा स्फोट होऊन संपतो. 'खेकडा' हे नाव लॉर्ड रॉस यांच्या १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या रेखाचित्रातील आकृतीवरून रूढ झाले. पुढील छायाचित्रांत खेकड्याशी साम्य फारसे आढळत नाही. या नावासाठी 'कर्क' हा संस्कृत शब्द वापरल्यास कर्क राशीचा भ्रम होतो, तर वस्तू आहे वृषभ राशीत. म्हणून 'खेकडा अभ्रिका' हेच नाव बरे. नाव पाहणाऱ्याच्या तत्कालीन समजुतीची खूण असते, वस्तूचे लक्षण नव्हे, हे तत्त्व येथे पदोपदी आठवावे लागते.

२. नोंदी आणि त्यांचे स्वरूप

सुंग राजवंशाच्या काळात चीनची राजधानी खायफंग येथे होती. दरबारी वेधशाळेतील अधिकाऱ्यांनी आकाशातील प्रत्येक असामान्य घटना नोंदवून तिचे शुभाशुभ फल सम्राटास कळवावे, असा दंडक होता. त्या नोंदींचा उपयोग करून पुढे रचलेल्या 'सुंग शृ' या राजवंशाच्या इतिहासात असे म्हटले आहे, की झीह या कालखंडाच्या पहिल्या वर्षी, पाचव्या महिन्यात, 'जि-छौ' या दिवशी एक अतिथितारा 'थिएन-क्वान' या ताऱ्याच्या आग्नेयेस काही अंगुळांवर प्रकट झाला व वर्षाहून अधिक काळाने हळूहळू दिसेनासा झाला. 'थिएन-क्वान' म्हणजे 'आकाशाचे नाके'. वृषभाच्या एका शिंगाच्या टोकाशी असलेल्या ताऱ्याचे हे चिनी नाव होय.

'सुंग ह्वेयाव' या दुसऱ्या संग्रहात अधिक तपशील मिळतो. तारा पहाटे पूर्वेस उगवला, त्याने 'नाक्या'पाशी ठाण मांडले, तो शुक्राप्रमाणे दिवसाही दिसे, त्याचे किरण चहूकडे फाकले होते, त्याचा वर्ण तांबूस-पांढरा होता आणि असे दिवसाढवळ्या दर्शन २३ दिवस घडले. तारा पूर्णपणे लोपल्याची नोंद इसवी सन १०५६ च्या ६ एप्रिलची आहे.

'जि-छौ' हा शब्द येथे विशेष लक्ष देण्याजोगा आहे. आपल्याकडे प्रभव, विभव इत्यादी साठ संवत्सरांचे चक्र चालते, तसेच चीनमध्ये दिवसांचेही साठांचे एक चक्र आहे आणि ते खंड न पडता चालत आलेले आहे. महिना व वर्ष यांच्या गणनेत राजाज्ञेने फेरफार होऊ शकत, परंतु दिवसांच्या या चक्रास कोणी हात लावला नाही. त्यामुळे वर्ष, महिना व चक्रदिन ही तिन्ही अंगे एकमेकांशी जुळली, की तिथीचे रूपांतर निःसंदिग्धपणे करता येते. प्रस्तुत नोंदीची तिथी १०५४ सालच्या ४ जुलैची येते. त्यापासून ६ एप्रिल १०५६ पर्यंत ६४२ दिवस होतात.

जपानमधील नोंद थोडी निराळी आहे. फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) या कवीने १२३० साली एक अतिथितारा पाहिला, तेव्हा कुतूहलाने त्याने पूर्वीच्या अशा ताऱ्यांची यादी जाणकारांकडून मागविली व ती आपल्या 'मेइगेत्सुकि' या रोजनिशीत समाविष्ट केली. तीत १०५४ चा तारा चौथ्या महिन्याच्या मध्यानंतर, त्याच 'नाक्या'पाशी, गुरूएवढा दिसल्याचे म्हटले आहे. म्हणजे ही नोंद घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी उतरवून घेतलेली आहे.

तिसरा साक्षीदार बगदादचा वैद्य इब्न बुतलान. त्याचे टिपण तेराव्या शतकातील इब्न अबी उसैबिया याने रचलेल्या वैद्यचरित्रसंग्रहात जतन झाले असून त्याकडे १९७८ साली अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. त्यात हिजरी सन ४४६ मध्ये मिथुनेत एक तेजस्वी तारा प्रकटल्याचा उल्लेख आहे. अभ्रिका वृषभात असता येथे 'मिथुन' कसे, अशी शंका स्वाभाविक आहे. परंतु ज्योतिषी 'मिथुन' म्हणतो तेव्हा त्यास ताऱ्यांची आकृती नव्हे, तर वसंतसंपातापासून मोजलेला साठ ते नव्वद अंशांचा सायन विभाग अभिप्रेत असू शकतो. अकराव्या शतकात अभ्रिकेचे स्थान त्या मापाने सुमारे ७१ अंशांवर, म्हणजे मिथुनातच पडत होते. विसंगती वस्तुस्थितीत नाही, ती एकाच शब्दाच्या दोन अर्थांत आहे.

३. पाठचिकित्सेचा प्रश्न

उरतात त्या दोन अडचणी मात्र शब्दार्थाने सुटत नाहीत.

पहिली अडचण जपानी नोंदीतील महिन्याची. चौथ्या चांद्रमासाच्या मध्यानंतरचा काळ म्हणजे मे महिन्याची अखेर. त्या सुमारास सूर्य नेमका वृषभाच्या शिंगांजवळ असतो, आणि सूर्याच्या इतक्या निकट असलेल्या ताऱ्याची रात्रीच्या आकाशात अशी नोंद होणे अशक्यप्राय आहे. 'चौथा' हा 'पाचव्या'चा अपपाठ मानला, की काळ जूनअखेरीवर येतो व चिनी नोंदीशी मेळ बसतो. ही दुरुस्ती सूर्याच्या गणितसिद्ध स्थानावर आधारलेली आहे, अभ्रिकेविषयीच्या कोणत्याही मतावर नव्हे. म्हणून ती निर्धास्तपणे स्वीकारता येते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. 'सुंग शृ'मध्ये अतिथितारा 'नाक्या'च्या आग्नेयेस असल्याचे म्हटले आहे, पण खेकडा अभ्रिका त्या ताऱ्याच्या वायव्येस, सुमारे एक अंशावर आहे. दिशा नेमकी उलट आहे. १९७२ साली हो पेंग योक व त्यांचे सहकारी यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवून अभ्रिका व अतिथितारा यांचे ऐक्य पुन्हा तपासले पाहिजे असे प्रतिपादन केले. या विसंगतीचा एक खुलासा असा, की नक्कल करताना दिशांची उलटापालट झाली. दुसरा असा, की मूळ टिपणात अतिथिताऱ्यापासून 'नाके' आग्नेयेस आहे असे होते, आणि संक्षेप करणाऱ्याने कर्ता व अधिकरण यांची अदलाबदल केली.

येथे संशोधनाच्या नीतीचा प्रश्न उभा राहतो. अभ्रिका वायव्येस आहे म्हणून 'आग्नेय' हा पाठ बदलावयाचा, आणि मग त्याच नोंदीच्या बळावर अभ्रिकेचे वय सांगावयाचे, हा चक्रक दोष होत नाही काय? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावयाचे तर नोंदीतील कोणता शब्द कोणत्या निष्कर्षाचा आधार आहे, हे वेगळे करून दाखविले पाहिजे. तिथीचा आधार 'जि-छौ' हा दिनवाचक शब्द आहे, आणि त्यात कोणतीही दुरुस्ती करावी लागत नाही. स्थानाचा आधार केवळ 'आग्नेय' या शब्दावर नाही. 'सुंग ह्वेयाव' आणि 'मेइगेत्सुकि' या दोन्हींत दिशेचा निर्देश नसून केवळ 'नाक्या'चे सान्निध्य सांगितले आहे. 'नाक्या'च्या आग्नेयेस तितक्याच अल्पवयी स्फोटाचा दुसरा अवशेष आढळत नाही. आणि त्या परिसरात जवळपासच्या शतकांत सुमारे दोन वर्षे टिकलेल्या दुसऱ्या अतिथिताऱ्याची नोंद नाही. दिशेचा शब्द संशयित ठरला तरी साक्ष समूळ खोटी ठरत नाही. तिची एक बाजू दुबळी ठरते, इतकेच. पाठचिकित्सेत 'दुरुस्ती केली' असे सांगणे पुरेसे नाही. त्या दुरुस्तीवर पुढील अनुमानांपैकी कोणते अवलंबून आहे व कोणते नाही, हे सांगणे आवश्यक आहे.

४. ओळख कशी पटली

अभ्रिका १७३१ साली जॉन बेव्हिस यांस आढळली. १७५८ साली धूमकेतू पाहताना ती मेसिए यांच्या दृष्टीस पडली, आणि पुढे त्यांच्या प्रसिद्ध यादीत तिला पहिला क्रमांक मिळाला. इकडे एदुआर बियो या फ्रेंच चीनविद्यापंडिताने १८४६ साली चिनी अतिथिताऱ्यांची सूची प्रसिद्ध केली होती. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असावा, असे पाऊणशे वर्षे कोणाच्या ध्यानी आले नाही.

१९२१ साली डंकन यांनी माउंट विल्सन येथे १९०९ व १९२१ ची छायाचित्रे ताडून अभ्रिका प्रसरण पावत असल्याचे दाखविले. त्याच वर्षी लुंडमार्क यांनी जुन्या नवताऱ्यांची यादी करताना १०५४ चा तारा या अभ्रिकेजवळ येतो असे टिपले. १९२८ साली हबल यांनी प्रसरणाच्या वेगावरून सुमारे ९०० वर्षांचा काळ काढून दोन्ही धागे जोडले. निर्णायक काम झाले ते १९४२ साली. लायडन विद्यापीठातील चीनविद्यापंडित डायव्हेंडाक यांनी पौर्वात्य नोंदींचे संकलन व भाषांतर केले आणि ज्योतिर्विद मेयॉल व ऊर्ट यांनी त्यांचा खगोलीय अर्थ लावला. हे दोन लेख एकाच विषयाचे दोन भाग म्हणून एकत्र प्रसिद्ध झाले. लायडन त्या वेळी परकीय सैन्याच्या ताब्यात होते, आणि लेख निघाले अमेरिकेतील नियतकालिकात. भाषाविद्या व ज्योतिर्विद्या यांच्या सहकार्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच दाखविता येईल.

५. तीन घड्याळे

येथवरची कथा ओळख पटविण्याची झाली. तिथीचे खरे मोल यापुढे दिसते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अभ्रिका सुमारे ६५०० प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणून स्फोट प्रत्यक्षात १०५४ च्या तितकीच वर्षे आधी झाला. परंतु आज जे दिसते तेही तितक्याच जुन्या प्रकाशात दिसते. दोन्हींतील अंतर तेच राहत असल्याने 'वय' म्हणजे १०५४ पासूनचा काळ, असे समजण्यास हरकत नाही.

पहिले घड्याळ प्रसरणाचे. अभ्रिकेतील तंतूंचे आजचे वेग उलट दिशेने मोजीत गेले, तर ते सर्व एका बिंदूत केव्हा होते हे काढता येते. व्हर्जिनिया ट्रिंबल यांनी १९६८ साली हे गणित काटेकोरपणे केले. उत्तर आले सुमारे इसवी सन ११४०. नोंद म्हणते १०५४. सुमारे ८६ वर्षांचा हा फरक मोजमापातील चूक म्हणून सोडून देण्याजोगा नाही. स्फोटातून उसळलेले द्रव्य भोवतालच्या वायूत घुसताना मंदावेल, अशी सामान्य अपेक्षा असते. तसे झाले असते तर उलट गणिताने १०५४ च्या आधीचे साल आले असते. नंतरचे साल येते याचा अर्थ पूर्वीचे वेग आजच्याहून कमी होते. म्हणजेच अभ्रिका मंदावण्याऐवजी वेग घेत आली आहे. तिला आतून कोणीतरी सतत ढकलीत आहे.

दुसरे घड्याळ प्रकाशाचे. अभ्रिकेतील निळसर प्रकाश साध्या तप्त वायूचा नव्हे, तर चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशवेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, म्हणजे सिंक्रोट्रॉन प्रारणाचा आहे, असे श्क्लोव्हस्की यांनी १९५३ साली सुचविले. त्या प्रकाशाचे ध्रुवीकरण मोजले गेल्यावर त्यास पुष्टी मिळाली. पुढे क्ष-किरणही आढळले. क्ष-किरण देणारे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा मोजक्या वर्षांतच खर्चून बसतात. वस्तू नऊशे वर्षांहून जुनी आहे हे नोंदीने निश्चित असता, आजचे इलेक्ट्रॉन स्फोटाच्या वेळचे असणे शक्य नाही. शिदोरी संपून शतके लोटली, तरी दिवा तेवत आहे. तेव्हा तेल नित्य कोठून तरी येत असले पाहिजे.

ते कोठून येते? स्फोट पावलेल्या ताऱ्याचा गाभा न्यूट्रॉनांचा अतिघन गोळा होऊन उरत असावा, ही कल्पना बाडे व झ्विकी यांनी १९३४ सालीच मांडली होती. १९४२ साली बाडे व मिन्कोव्स्की यांनी अभ्रिकेच्या मध्यावरील दोन ताऱ्यांपैकी वर्णपटात एकही रेषा नसलेल्या नैर्ऋत्येकडील ताऱ्यावर बोट ठेवले होते. १९६४ च्या ७ जुलै रोजी चंद्र अभ्रिकेवरून सरकत असता फ्रिडमन यांच्या गटाने अग्निबाणातून क्ष-किरण मोजले. ते एकदम न लोपता हळूहळू लोपले, म्हणून ते बिंदूतून नव्हे तर विस्तृत भागातून येत असल्याचे ठरले व न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना मागे पडली. १९६७ च्या अखेरीस पाचिनी यांनी वेगाने फिरणारा चुंबकीय न्यूट्रॉन तारा अभ्रिकेस ऊर्जा पुरवू शकेल असे लिहिले, आणि १९६८ च्या फेब्रुवारीत केंब्रिजहून पहिल्या स्पंदताऱ्याची वार्ता आली. त्याच वर्षाच्या अखेरीस अभ्रिकेत स्पंद सापडले. सेकंदास सुमारे ३० या गतीने ते येत होते. १९६९ च्या जानेवारीत दृश्य प्रकाशातही ते दिसले, आणि लुकलुकणारा तारा निघाला तो बाडे व मिन्कोव्स्की यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी दाखविलेलाच.

या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याहून अधिक आणि त्रिज्या अवघी सुमारे १० किलोमीटर. त्याचा एक फेरा ३३ सहस्रांश सेकंदांत होतो, आणि तो काळ दररोज सुमारे ३६ अब्जांश सेकंदांनी वाढत जातो. हा बदल नगण्य वाटतो, परंतु त्यात खर्च होणारी ऊर्जा सूर्य सर्व दिशांना जितकी ऊर्जा फेकतो तिच्या लाखाहून अधिक पट आहे. अभ्रिकेच्या तेजास व वेगवृद्धीस जी ऊर्जा हवी होती तिची कोटी हीच. हिशेब जुळला.

तिसरे घड्याळ या मंदावण्याचे. आदर्श चुंबकाप्रमाणे तारा मंदावत आला असे धरले, तर त्याचे वय सुमारे १२५० वर्षे येते; म्हणजे जन्म आठव्या शतकाच्या आरंभी. नोंदीशी हेही जुळत नाही, आणि गंमत अशी की प्रसरणाचे घड्याळ वय कमी सांगते, तर हे जास्त सांगते. नोंद दोहोंच्या मध्ये आहे. तिच्यावर भरवसा ठेवूनच दोन गोष्टी कळतात: तारा आदर्श नियमाने मंदावत नाही, आणि जन्मकाळी त्याचा फेरा अत्यल्प नव्हता. मंदावण्याचा मोजलेला क्रम व १०५४ ही तिथी एकत्र घेतली, की आरंभीचा फेरा सुमारे १९ सहस्रांश सेकंदांचा ठरतो. न्यूट्रॉन ताऱ्याची जन्मकाळची गती इतक्या निश्चितपणे सांगता येणे ही विरळ गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय दुर्बिणीइतकेच 'जि-छौ' या शब्दास आहे.

६. पुढील वाटचाल

खेकडा अभ्रिका क्ष-किरण व गॅमा-किरण ज्योतिर्विज्ञानात मापदंड बनली. इतर उगमांचे तेज 'एक खेकडा', 'सहस्रांश खेकडा' अशा एककांत सांगण्याचा प्रघात पडला. १९८९ साली ॲरिझोनातील व्हिपल वेधशाळेतून तिच्याकडून येणारे लाखो कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे गॅमा किरण निःसंशय नोंदले गेले. २०१० साली तिच्यापासून निघणाऱ्या गॅमा किरणांचे अल्पकालिक भडके ध्यानात आले, आणि मापदंड स्वतःच पूर्ण स्थिर नसल्याचे उघड झाले. २०२१ साली सिच्वान प्रांतातील ल्हासो वेधशाळेने तिच्याकडून आलेल्या सुमारे ११०० लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या कणाची नोंद जाहीर केली. दृश्य प्रकाशाच्या कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. ज्या देशात पाहुण्याची पहिली नोंद झाली, तेथेच ९६७ वर्षांनी ही नवी नोंद व्हावी, हा योगायोग उल्लेखनीय आहे.

भारतातही या अभ्रिकेचा अभ्यास झाला आहे. २०१५ च्या २८ सप्टेंबर रोजी सोडलेल्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहावरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या उपकरणाने स्पंदताऱ्याच्या फेऱ्यातील वेगवेगळ्या क्षणी क्ष-किरणांचे ध्रुवीकरण कसे बदलते हे मोजले. ते निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

जुन्या भारतीय ग्रंथांत या ताऱ्याची नोंद आहे काय, याचाही शोध घेण्यात आला. पुण्यातील ज्योतिर्विद जयंत नारळीकर व संस्कृतज्ञ सरोजा भाटे यांचा या विषयावरील लेख २००१ साली प्रसिद्ध झाला. निर्णायक नोंद हाती आली नाही. १०५४ चा जुलै म्हणजे पावसाळा, हे कारण अपुरे आहे, कारण तारा त्यानंतर दोन हिवाळे दिसत होता. सिद्धान्तग्रंथांचा भर गणिताने वर्तविता येणाऱ्या गतींवर होता. अवचित घडणाऱ्या गोष्टी संहिताग्रंथांतील उत्पात व केतू यांच्या प्रकरणांत जात, आणि तेथे घटनेच्या दिवसापेक्षा तिच्या फलास महत्त्व असे. चिनी अधिकाऱ्यासही फलच सांगावयाचे होते. परंतु फल सांगण्यापूर्वी दिवस लिहिणे त्याच्या कचेरीच्या शिस्तीत बसत होते.

त्या अधिकाऱ्याने ताऱ्याचा जो अर्थ लावला, त्याचे आज कोणास प्रयोजन नाही. त्याने लिहिलेला दिवस मात्र प्रसरणाच्या, प्रारणाच्या व परिभ्रमणाच्या तिन्ही हिशेबांत उभा आहे. नोंद करणाऱ्याचा हेतू आणि नोंदीचा उपयोग या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून जुन्या ग्रंथांचे संपादन करताना आज निरर्थक वाटणारा दिनवाचक वा दिशावाचक शब्द गाळणे, सावरणे किंवा 'शुद्ध' करणे हे काम संपादकाने फार जपून करावे. मूळ पाठ जसाच्या तसा राखून दुरुस्ती तळटीपेत द्यावी, हा पाठचिकित्सेचा नियम केवळ विद्वत्तेचा शिष्टाचार नव्हे. 'आग्नेय' हा शब्द चुकीचा असला तरी तो तसाच राखला गेला, म्हणूनच त्याची तपासणी करता आली, आणि त्या तपासणीतून तिथी अधिक खंबीर होऊन बाहेर पडली.